भडोचचा हरिपाळ, महाराष्ट्राचा चक्रधर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे दर्शन घेण्याचा योग मला आला नाही. पण आताच प्रास्ताविकाच्या वेळी त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी एकच आठवण सांगितली, आणि ती दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितली. एकाच्या मते गुरुजींनी पावसात भिजलेल्या मुलाला स्वतःचा कोट दिला. दुसऱ्याच्या मते कोट नव्हे, छत्री दिली, आणि स्वतः भिजत घरी गेले. सभागृहात हशा पिकला. मी मात्र हसता हसता थबकलो. कारण ज्या ग्रंथाविषयी आज मी बोलणार आहे, तो अशाच आठवणींतून, अशाच मतभेदांसह, सातशेहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला. त्या ग्रंथाचे नाव ‘लीळाचरित्र’, आणि त्याचे नायक श्रीचक्रधरस्वामी.

हा विषय चलथाणसाठी मी मुद्दाम निवडला. आपण बसलो आहोत ती भूमी प्राचीन काळी लाट देश म्हणून ओळखली जात असे. भडोच, सुरत, नवसारी हा सारा टापू त्यात येई. येथून शंभर किलोमीटरांच्या आत नर्मदेच्या काठी जे भडोच आहे, तेथील एका प्रधानाचा पुत्र तेराव्या शतकात घर सोडून वऱ्हाडात गेला, आणि तेथल्या लोकांच्या भाषेत असे काही बोलला की मराठी गद्याचा इतिहास त्या बोलण्यापासून मोजावा लागतो. आपल्यापैकी पुष्कळांचे वडील-आजोबा खानदेशातून याच उधना-जळगाव लोहमार्गाने पोटापाण्यासाठी इकडे आले. तो गुजरातेतून मराठी मुलखात गेला. आपण मराठी मुलखातून गुजरातेत आलो. वाट एकच, दिशा तेवढ्या दोन.

प्रथम कथा सांगतो, पंथाची परंपरा ती सांगते तशी. महानुभाव पंथ परमेश्वराचे पाच अवतार मानतो: द्वारकेचे श्रीकृष्ण, सह्याद्रीचे दत्तात्रेय, फलटणचे चक्रपाणी म्हणजे चांगदेव राऊळ, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ, आणि पाचवे चक्रधर. यांतले चांगदेव राऊळ फलटण सोडून माहूरला गेले आणि तेथून द्वारकेला. द्वारकेत त्यांनी मठ बांधला नाही, प्रवचनेही केली नाहीत. हातात खराटा आणि सूप घेऊन ते रस्ते झाडीत आणि केर गोमतीत नेऊन टाकीत. पुढे कामाख्या नावाची एक स्त्री त्यांच्या अभिलाषेने हटून बसली, तेव्हा त्यांनी योगबळाने देह ठेवला. त्याच सुमारास भडोचला विशाळदेव प्रधानांचा पुत्र हरिपाळ मृत्यू पावला होता आणि त्याला स्मशानात आणले होते. चांगदेव राऊळांनी त्या देहात प्रवेश केला. हरिपाळ उठून बसला, आणि रडत गेलेली माणसे वाजतगाजत घरी परतली.

पुढे हरिपाळाचा संसार चालू राहिला. घरी पत्नी कमळाइसा, दारी वैभव. त्याला द्यूताचा नाद होता. एकदा तो मोठी रक्कम हरला. पत्नीकडे दागिने मागितले, तिने ते दिले नाहीत. त्या नकाराने त्याच्या मनात काही तरी तुटले. त्याने रामटेकच्या यात्रेला जाण्याची परवानगी मागितली. वाटेतला मुलूख वैऱ्यांचा, म्हणून वडील कचरत होते. शेवटी त्यांनी लवाजमा देऊन पाठवले. वाटेत एकेक करून लवाजमा मागे राहिला, आणि प्रधानपुत्र एकटा ऋद्धिपूरच्या पेठेत येऊन उभा राहिला. आज अमरावती जिल्ह्यात जे रिद्धपूर आहे, तेच हे गाव.

तेथे गुंडम राऊळ होते. लोक त्यांना वेडे म्हणत, आणि तेच लोक त्यांना आईबापही मानत. ते मुलांत खेळत, कोणाच्याही घरी शिरून खात, मनात येईल तेथे बसत. त्यांनी हातातल्या शेंगुळ्यांचा प्रसाद या परक्या तरुणाला दिला. त्या प्रसादाने हरिपाळाला ज्ञानशक्ती लाभली आणि चक्रधर हे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. त्यानंतर सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे एकांत, मग आंध्रापर्यंत दीर्घ भ्रमण, आणि अखेरीस गोदावरीच्या खोऱ्यात आगमन. पैठणला त्यांनी संन्यास स्वीकारला, बाइसा या वृद्ध साध्वी त्यांच्या सेवेत आल्या, नागदेव, महदाइसा, उमाइसा असा परिवार जमला. काही वर्षे हा परिवार पैठण, डोमेग्राम, वेरूळ अशा गावांतून स्वामींच्या मागे हिंडला. इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामी या परिवारातून निघून गेले. त्यांच्या अखेरच्या दिवसांविषयी आणि यादवांच्या दरबारातील विरोधाविषयी निरनिराळे वृत्तांत आहेत. पंथीयांची श्रद्धा अशी की ते उत्तरापंथे गेले आणि आजही हयात आहेत.

आता अभ्यासकाने या कथेकडे कसे पाहावे? चाळीस वर्षे मराठीच्या वर्गात मला हा प्रश्न विचारला गेला. ‘सर, मेलेला माणूस उठला हे खरे मानायचे का?’ माझे उत्तर असे की परकायाप्रवेश हा श्रद्धेचा प्रांत आहे; तो सिद्ध करणे किंवा खोडून काढणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नव्हे. आद्य शंकराचार्यांच्या चरित्रातही अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा येते. भारतीय चरित्रकारांना ही कल्पना परिचित होती. अभ्यासकाने विचारायचे ते इतकेच, की ही कथा येथे काय काम करते?

मला असे दिसते की एका अवघड अनुभवाला तिने रूप दिले आहे. प्रधानाचा विलासी मुलगा आणि झाडाखाली बसून भिक्षेचे अन्न खाणारा संन्यासी हे एकच गृहस्थ, हे लोकांनी कसे समजून घ्यावे? कथा सांगते की देह हरिपाळाचा होता, पण त्यात वसत होता तो द्वारकेचे रस्ते झाडणारा. राजवैभवाच्या देहात झाडूवाल्याचा आत्मा! याहून नेमके वर्णन चक्रधरांचे कोणी केलेले माझ्या वाचनात नाही.

आणि एक गोष्ट बारकाईने पाहा. द्यूताचा प्रसंग कथेत कोठे येतो? देह पुन्हा सजीव झाल्यानंतर येतो. म्हणजे ज्याला भक्त ईश्वर मानतात तो त्या देहात आल्यानंतर. चरित्रकाराला तो प्रसंग मृत्यूच्या आधी नेऊन टाकणे किती सोयीचे होते! जुगारी हरिपाळ मेला, निर्मळ अवतार उठला, अशी गोंडस कथा झाली असती. पण ऐकले तसे लिहायचे, देवाच्या चरित्रातले अडचणीचेही लपवायचे नाही, असा या ग्रंथाचा बाणा आहे. चमत्कार वाचून नव्हे, तर द्यूताचा हा प्रसंग वाचून माझा लीळाचरित्रावर विश्वास बसला.

हा बाणा आला कोठून? म्हाइंभटांकडून. म्हाइंभट मूळचे विद्वान, संपन्न आणि विद्येचा ताठा असलेले ब्राह्मण. वाद करण्याच्या ईर्षेने ते स्वामींकडे आले आणि अनुयायी होऊन राहिले. स्वामींच्या प्रयाणानंतर परिवार ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत जमला. नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणींचे मनन करीत. म्हाइंभटांना वाटले, ही माणसे आहेत तोवरच हे धन आहे. त्यांनी नागदेवाचार्यांना विचारून लीळा टिपल्या, आणि जेथे नागदेवाचार्य उपस्थित नव्हते, तेथे जो उपस्थित होता त्याचा शोध घेत गावोगाव हिंडले. एका शेतकऱ्याला सवड नव्हती, म्हणून हे पंडित त्याच्या औतामागे चालत राहिले आणि लीळा ऐकून घेतली, अशी आठवण सांगितली जाते. तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतली ही गोष्ट आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. मराठीतला पहिला मोठा चरित्रग्रंथ अशा रीतीने माणसांच्या दारोदार जाऊन गोळा झाला.

म्हाइंभटांची मूळ प्रत पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत हरवली, असे परंपरा सांगते. शिष्यांनी पाठ असलेल्या लीळांवरून ती पुन्हा सिद्ध केली. अर्थात एकाचा पाठ दुसऱ्याशी जुळेना. तेव्हा त्यांनी काय केले? एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी, अशी नोंद करून दोन्ही ठेवले. जेथे खुलासा हवा तेथे ‘शोधु’ म्हणून टीप जोडली. आज संशोधक पाठभेद देतात, ते हेच काम होय. गुरुजींचा कोट की छत्री, याचे उत्तर म्हाइंभटांच्या शिष्यांनी आधीच देऊन ठेवले आहे: दोन्ही लिहा.

मित्रहो, या ग्रंथात स्वामी काय करताना दिसतात? ते प्रश्नांना उत्तरे देतात. प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि त्यांतही महदाइसा अग्रेसर. तिचे प्रश्न संपत नाहीत, आणि स्वामी तिच्यावर कधी कातावत नाहीत. उलट तिच्या जिज्ञासेचे कौतुक करतात. हीच महदाइसा पुढे गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने ‘धवळे’ रचती झाली आणि मराठीची आद्य कवयित्री ठरली. स्त्रियांच्या मासिक धर्माविषयी शंका निघाली, तेव्हा स्वामींनी सांगितले की शरीरातून जसे इतर मळ बाहेर पडतात तसाच हाही. त्याचा विटाळ धरण्याचे कारण नाही. सातशे वर्षांपूर्वी ही गोष्ट त्यांनी कोणताही आवेश न आणता, साध्या चर्चेत, एका स्त्रीला सांगितली. आज येथे बसलेल्या भगिनींनी आपापल्या घरचा रिवाज आठवावा. मी त्यावर अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

आणखी एक लीळा आपल्याला लहानपणी वाचल्याचे स्मरत असेल. पारधी एका सशाच्या मागे लागले होते. ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. पारध्यांनी आपला ससा मागितला. स्वामींनी शाप दिला नाही, चमत्कार केला नाही. शरण आलेल्याला कसे द्यावे, एवढेच समजावले, आणि माणसे शिकार सोडून निघून गेली. मग स्वामींनी सशाला आदरार्थी संबोधून निरोप दिला. सशालाही बहुवचन! ज्या भाषेत एका भेदरलेल्या जनावराला मानाने संबोधले गेले, ती ही भाषा. लीळाचरित्राचे गद्य थोर का, असे मला कोणी विचारले तर मी या एका संबोधनाकडे बोट दाखवीन.

भाषेविषयी परंपरेची भूमिका तर प्रसिद्धच आहे. चक्रधर जन्माने गुर्जर. त्यांच्या परिवारात संस्कृत जाणणारे पंडित पुष्कळ. तरी ते मराठीत बोलले. पुढे केशिराजांसारख्या पंडिताने नागदेवाचार्यांना संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा आचार्यांनी संस्कृतात उत्तर देण्याचे नाकारले. स्वामींनी आम्हाला मराठीतच उपदेश केला आणि संस्कृतात ग्रंथ केले तर आमच्या म्हाताऱ्या बाया उपेक्षित राहतील, अशा आशयाचे ते बोलले. ध्यानात घ्या, त्यांनी भाषेचा अभिमान पुढे केला नाही. म्हाताऱ्या बायांचे नाव पुढे केले. मराठी थोर म्हणून मराठी, असा तो युक्तिवाद नव्हे. समोरच्या माणसाला कळावे म्हणून मराठी.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. तिच्यासाठीच खरे तर मी आज हा विषय घेतला.

आपल्या भाषेत ‘मानभावी’ असा एक शब्द आहे. वरकरणी गोड, आतून कपटी, असा त्याचा अर्थ. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ अशी म्हणही आहे. हा मानभाव म्हणजे दुसरे कोणी नव्हे, महानुभाव. ज्या पंथाने मराठीला पहिले मोठे गद्य दिले, त्याच पंथाच्या नावाची मराठीने शिवी केली! मी प्राध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, पण ठाऊक असणे वेगळे आणि उमजणे वेगळे. १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र प्रसिद्ध झाले. त्यातील काही मजकुरावर पंथीयांनी तीव्र आक्षेपही घेतले. त्यानंतर दोनेक वर्षांनी मी ते वर्गात शिकवीत होतो. एका आधुनिक नाटकातील पात्राचे वर्णन करताना माझ्या तोंडून सहज गेले, ‘किती मानभावी आहे पाहा!’ तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. खानदेशातल्या लहान गावची, अबोल मुलगी. ती म्हणाली, ‘सर, माझी आजी दीक्षा घेतलेली आहे. तुम्ही मघाशी स्वामींविषयी इतके छान सांगितलेत, आणि मग तो शब्द वापरलात. आजीला मी कोणते सांगू?’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी क्षमा मागावयास हवी होती. त्याऐवजी मी शब्दाच्या अर्थांतराची प्रक्रिया समजावून सांगू लागलो. ती ऐकत उभी राहिली, ‘बरे सर’ म्हणाली आणि गेली. पुढे ती पदवीधर होऊन गेली. पुन्हा भेट झाली नाही. त्या दिवसापासून तो शब्द मी उच्चारलेला नाही, पण हे तिला कळण्याचा मार्ग उरला नाही. आज इतक्या वर्षांनी, तिच्याच मुलखातून आलेल्या आपल्यासारख्यांच्या सभेत, ती क्षमा मी मागतो.

ही अप्रतिष्ठा आली कशी, याचा विचार केला पाहिजे. वर्णाचा आणि विटाळाचा मान न राखणारा, स्त्रियांना संन्यास देणारा, अनेक देवतांची उपासना नाकारणारा हा पंथ त्या काळच्या धुरीणांना खुपला असल्यास नवल नाही. पंथानेही आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. पावित्र्य जपावे, परक्याच्या हाती पडू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा झाला की बाहेरच्यांना आत काय आहे ते दिसेना, आणि जे दिसत नाही त्याविषयी लोक वाटेल ते बोलतात. जी वाणी म्हाताऱ्या बायांसाठी मराठीत ठेवली होती, ती शतकानुशतके कुलुपात राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, काही महंतांनीही मोठ्या मनाने पोथ्या खुल्या केल्या, वि. ल. भावे, ह. ना. नेने, कोलते, शं. गो. तुळपुळे यांनी हे साहित्य महाराष्ट्रापुढे मांडले. दोन्ही बाजूंची दारे थोडथोडी उघडली तेव्हा हे घडले.

इकडे आणखी एक गोष्ट घडत होती. हा पंथ पंजाबात आणि त्याही पलीकडे, थेट काबूलपर्यंत गेला. तेथे त्याला जयकृष्णी म्हणत. घरी पंजाबी बोलणारे हे लोक धर्मग्रंथ मात्र मराठीतच वाचत. पाहा, भडोचच्या माणसाची मराठी पंजाबच्या माणसाने जपली. भाषा कोणाची, तर जो तिच्यात आपले मोलाचे ठेवतो त्याची.

आपल्या शाळेच्या संदर्भात हे मला महत्त्वाचे वाटते. येथे काही पालकांनी मला विचारले, ‘मुले घरी गुजराती-हिंदी मिसळून बोलतात; मराठी टिकेल का?’ ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि ज्या रिद्धपुरात शेंगुळ्यांचा प्रसाद मिळाला होता तेथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण दर्जा आणि विद्यापीठ यांनी घरातली भाषा टिकत नाही. गुजराती मिसळण्याची भीती बाळगू नका. मराठीचे पहिले थोर गद्य एका गुर्जराच्या मुखातून आले आहे. भीती बाळगायची ती एकाच गोष्टीची: घरात कोणी कोणाला काही विचारीनासे होईल याची. महदाइसा विचारत होती म्हणून स्वामी बोलले. म्हाइंभट ऐकत होते म्हणून ते उरले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. गुरुजींना पाहिलेली माणसे आज या सभागृहात आहेत. काही वर्षांनी नसतील. एक वही घाला. ज्याला जे आठवते ते त्याच्या शब्दांत, मराठीत, गुजराती मिसळून असले तरी, लिहून घ्या. कोट लिहा आणि छत्रीही लिहा. गुरुजी कोणावर विनाकारण रागावले असतील तर तेही लिहा; त्याने त्यांचे मोठेपण उणावणार नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास बसेल. पुस्तिकेत माझे हे भाषण छापाल, त्यापेक्षा त्या वहीची चार पाने छापलीत तर अधिक मोलाचे होईल.